सुईवर नजर ठेवून लिहिणारे

बातमी साइटवर चढली की लिहिणारा पुढच्या कामाला लागत नाही, पडद्याकडे बघत बसतो. तिथे गाडीच्या स्पीडोमीटरसारखी एक सुई असते, सोबत आकडा: या क्षणी किती वाचक आहेत. काही सेकंदांत तो हलतो. वर गेला की छाती फुलते. उतरला की मथळा बदलायला हात शिवशिवतात.

हा 'चार्टबीट' या वाचक मोजणाऱ्या कंपनीचा डॅशबोर्ड. माध्यमांच्या अमेरिकी अभ्यासक केटलिन पेट्री यांनी ही कंपनी आणि ते आकडे वापरणारे ब्लॉगसमूह गॉकर मीडिया व दैनिक न्यूयॉर्क टाइम्स अशा तिन्ही ठिकाणी जाऊन लोक कसे काम करतात ते पाहिलं, त्यांच्याशी बोलल्या. २०१५ मध्ये अहवाल आला, २०२१ मध्ये पुस्तक. गॉकरच्या कचेरीत भिंतीवरच मोठा पडदा होता. कुठली बातमी चढतेय, कुठली पडतेय, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

पेट्रींना यात खेळ दिसला, आणि मला त्यांचं हे म्हणणं फार मोलाचं वाटतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या प्रयोगांत, दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतरं बटणावर चोच मारतच राहायची. कुठली बातमी चालेल याचाही नेम नसतो. म्हणून दटावणारा साहेब नसतानाही माणूस रात्री उशाशी फोन घेऊन आकडा बघतो. स्वतःला असं राबवून घेणं त्याला आपलीच हौस वाटते.

कारखान्यात हे आधीच दिसलं होतं. समाजशास्त्रज्ञ मायकेल बुरावॉय १९७४-७५ मध्ये शिकागो भागातल्या इंजिनांच्या कारखान्यात यंत्रावर कामाला होते. नग मोजून मजुरी. कोटा गाठणं हाच कामगारांचा खेळ. त्या नादात पाळी भर्रकन सरायची, आणि कोटा ठरवतं कोण, हा प्रश्न मागे पडायचा. पेट्रींनी न्यूजरूमचा अर्थ लावताना याच कामाचा आधार घेतला.

एक फरक मात्र मला अस्वस्थ करतो. त्या कारखान्यात कामगार आपसांतल्या समजुतीनं नेमून दिलेल्या कामाच्या १४० टक्क्यांवर थांबत, कारण त्यापुढे गेलं की मालक कोटाच वाढवणार. वाचकांच्या आकड्याला असं १४० नाही. काल लाखभर वाचक मिळवलेल्याची आजची बातमीही शून्यापासूनच सुरू होते.