पाठिंबा कुणाला दिला आणि निघालं काय

आमच्या सांगलीत पाठिंबा म्हणजे फ्लेक्स. निवड झाली की रातोरात विश्रामबागला फ्लेक्स लागतो, वर साहेबांचा मोठा फोटो, खाली पन्नास बारके चेहरे, संपला विषय. त्यामुळं २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतला भाचा फोनवर म्हणाला की मामा, इथं आरोग्यमंत्र्याचं नाव नुसतं सुचवलंय आणि लोक आत्ताच पाठिंब्याची नि विरोधाची पत्रं पाठवायला लागलेत, तेव्हा मला कळेचना की नेमणुकीच्या आधीच पाठिंबा कसला. म्हणून जरा मागचं वाचून काढलं, ते इथं टाकतोय.

आपल्याकडं पंतप्रधान नाव देतात, राष्ट्रपती शपथ देतात, झालं. मंत्र्याच्या एकट्याच्या नावावर संसदेत मतदान नसतंय. तिकडं राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो पण सिनेट, म्हणजे त्यांच्या संसदेचं वरचं सभागृह, हो म्हणेपर्यंत माणूस मंत्री होत नाही, १७८७ च्या त्यांच्या घटनेतच तसं आहे. आधी कमिटीपुढं बसवून प्रश्न विचारतात, मग मतदान. म्हणून ती पत्रं सिनेटरच्या नावानं जातात.

हे खातं तसं फार जुनं नाही. १९५३ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या काळात आरोग्य, शिक्षण आणि कल्याण मिळून एक खातं केलं, १९८० ला शिक्षण बाजूला काढलं. पहिल्या मंत्री ओव्हेटा कल्प हॉबी, दुसऱ्या महायुद्धात बायकांच्या लष्करी दलाच्या प्रमुख, डॉक्टर नव्हत्या. १९५५ च्या एप्रिलमध्ये साल्कची पोलिओ लस आली, देशभर आनंदीआनंद, आणि लगेच कटर कंपनीच्या काही लशीत जिवंत विषाणू राहिल्याचं निघालं. दहा जण गेले, कितीतरी पोरं पांगळी झाली. जुलैत हॉबीबाईंनी राजीनामा दिला, कारण नवऱ्याचं आजारपण सांगितलं.

आता मिरजेत १८९४ पासून मिशन हॉस्पिटल, गल्लोगल्ली दवाखाने, त्यामुळं आमच्याकडच्या माणसाला वाटणारच की खुर्चीत डॉक्टर पाहिजे. पण २०१७ ला टॉम प्राइस म्हणून हाडांचे सर्जन मंत्री झाले आणि सरकारी खर्चानं खासगी विमानं उडवली म्हणून त्याच सप्टेंबरात घरी गेले. डिग्रीचं काय घेऊन बसलाय.

मला सगळ्यात भारी वाटली ती कूप यांची गोष्ट. सी. एव्हरेट कूप, फिलाडेल्फियाचे लहान मुलांचे सर्जन. १९८१ ला राष्ट्राध्यक्ष रेगननी त्यांना सर्जन जनरल करायचं ठरवलं. हे पद मंत्र्याचं नाही, पण सार्वजनिक आरोग्याचं तोंड म्हणजे हाच माणूस. कूप गर्भपाताच्या कट्टर विरोधात, त्यामुळं धार्मिक मंडळी जोरात पाठीशी आणि सार्वजनिक आरोग्यवाल्यांची संघटनाच विरोधात. वयाची अट आडवी आली तर कायदा बदलला. नोव्हेंबरमध्ये ६८ विरुद्ध २४ नं मंजुरी मिळाली. आणि मग १९८६ ला एड्सवरचा रिपोर्ट आला, त्यात कंडोमचं सरळ नाव घेऊन लिहिलेलं, शाळेत लैंगिक शिक्षण द्या म्हणून सांगितलेलं, १९८८ ला तर माहितीचं पत्रक टपालानं दहा कोटींवर घरांत पाठवलं, आणि सिगारेटवाल्यांना सळो की पळो केलं ते वेगळंच. पाठिंबा देणारे कपाळाला हात लावून बसले आणि विरोध करणारे टाळ्या वाजवायला लागले!

२००९ ला उलटंच. आरोग्यमंत्री म्हणून टॉम डॅशल यांचं नाव जवळपास पक्कं होतं, पण थकवलेला टॅक्स निघाला, माघार घेतली. कॅथलीन सेबेलियस यांना मंजुरी मिळाली २८ एप्रिलला, तोवर स्वाइन फ्लू पसरायला लागलेला, खात्याला मंत्रीच नव्हता. त्याच साथीनं ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला बळी घेतला.

भाच्याच्या फोनमधलं नाव होतं रॉबर्ट केनेडी ज्युनियर, लशींवर वर्षानुवर्षं शंका घेणारे. ७७ नोबेलवाल्यांनी विरोधात पत्र लिहिलं. बाजूचे म्हणत होते की पाकिटातलं खाणं, जुनाट आजार, औषध कंपन्यांची चलती यावर बोलणारा कोणीतरी पाहिजेच, आणि यात चुकीचं काय, आमच्या घाटावर संध्याकाळी बसणाऱ्यांतला निम्मा कट्टा शुगरच्या गोळ्यांवर आहे. कमिटीत १४ विरुद्ध १३, मग १३ फेब्रुवारीला सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८. नाव सुचवणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्याच रिपब्लिकन पक्षातून एकट्या मिच मॅकॉनेल यांनी विरोधात मत दिलं, त्यांना लहानपणी पोलिओ झालेला. (पोलिओ रविवारी पोराला कडेवर घेऊन बूथवर गेलेल्या आमच्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.)

खरा पेच त्याच पक्षाचे सिनेटर बिल कॅसिडींचा. स्वतः लिव्हरचे डॉक्टर, लुइझियानात शाळकरी पोरांना हेपटायटीस बी ची लस देत फिरलेले. त्यांनी मत केनेडींना दिलं, पण आधी शब्द घेतला की लशींच्या सल्लागार कमिटीला हात लावायचा नाही. जूनमध्ये केनेडींनी त्या कमिटीतल्या सगळ्या १७ जणांना काढलं.

परवा भाच्यानं विचारलं, मामा, तुम्ही असता तर कॅसिडींच्या जागी काय केलं असतं? म्हटलं, विरोधात मत दिलं असतं. पण कूपच्या वेळी पण मी विरोधातच दिलं असतं बघ.