जिमी रॉजर्स : ध्वनिमुद्रण कारकीर्द (१९२७–१९३३)

अमेरिकी कंट्री संगीतातील पहिला मोठा ध्वनिमुद्रित गायक जिमी रॉजर्स (१८९७–१९३३) याने सहा वर्षांहून कमी काळात व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीसाठी सुमारे ११० गाणी मुद्रित केली. पहिले मुद्रण ४ ऑगस्ट १९२७ रोजी ब्रिस्टल येथे झाले आणि शेवटचे २४ मे १९३३ रोजी न्यूयॉर्क येथे. मिसिसिपी राज्यातील मेरिडियन गावाशी नाते असलेला रॉजर्स रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा कर्मचारी होता. १९२४ मध्ये क्षयाचे निदान झाले, रेल्वेतील अंगमेहनत झेपेनाशी झाली आणि गाणे हाच पोटापाण्याचा मार्ग उरला. त्याची गाणी आज जशी ऐकू येतात तशी ती का घडली, हे समजण्यासाठी त्याच्या गळ्याइतकेच महत्त्व मेणाच्या तबकडीवर मावणाऱ्या तीन-सव्वातीन मिनिटांना आणि गाण्याच्या मालकी हक्काच्या कराराला द्यावे लागते.

ब्रिस्टल, १९२७

ब्रिस्टल हे टेनेसी व व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवरील शहर असून त्याच्या स्टेट स्ट्रीटच्या मधोमध ही सीमा जाते. या रस्त्याच्या टेनेसीकडील बाजूस टोप्यांच्या एका कंपनीची इमारत होती. तिचा रिकामा मजला घेऊन राल्फ पीअर या निर्मात्याने व्हिक्टरसाठी २५ जुलै ते ५ ऑगस्ट १९२७ या काळात स्थानिक कलाकारांची ७६ गाणी मुद्रित केली. कार्टर कुटुंब या गायकसंचाची पहिली मुद्रणे याच मुक्कामात, रॉजर्सच्या दोन-तीन दिवस आधी झाली. रॉजर्स एका वाद्यवृंदाबरोबर आला होता. पण तबकडीवर कोणाचे नाव छापायचे यावरून आदल्या रात्री फाटाफूट झाली आणि दोघांनी वेगवेगळे मुद्रण केले. एकट्या गिटारवर रॉजर्सने ‘द सोल्जर्स स्वीटहार्ट’ आणि ‘स्लीप, बेबी, स्लीप’ ही गाणी गायिली. पहिल्याचे चार आणि दुसऱ्याचे तीन प्रयत्न झाले. मोबदला १०० डॉलर मिळाला. ही तबकडी ऑक्टोबर १९२७ मध्ये बाजारात आली व बेताचीच खपली.

मेणावरील मुद्रण

व्हिक्टरने १९२५ पासून वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत मुद्रणपद्धती वापरायला सुरुवात केली होती. त्याआधी गायकाला कर्ण्यात तोंड घालून जोरात गावे लागे. मायक्रोफोन आल्यावर बोलल्यासारखे, हलक्या आवाजात गाता येऊ लागले. रॉजर्सच्या सैल, गप्पा मारल्यासारख्या शब्दोच्चाराला हीच पद्धत मानवली. कर्ण्याच्या काळात त्याचा आवाज चालला असता असे वाटत नाही.

फिरत्या मुक्कामावर यंत्राची तबकडी विजेच्या मोटारीऐवजी दोरीला टांगलेल्या वजनाने फिरवत. वजन सावकाश खाली येई आणि नियंत्रक त्याची गती एकसारखी ठेवी. लहान शहरातील विजेचा भरवसा नसे आणि गती थोडी जरी डळमळली तरी सूर हलतो. खोलीतील घुमारा मारण्यासाठी भिंतींवर गोधड्या व ब्लँकेटे टांगत. मेणाची जाड तबकडी आधी कपाटात ऊब देऊन ठेवावी लागे. ती गार राहिली तर सुई मेण कापण्याऐवजी खरवडते व खरखर उमटते. प्रमाणाबाहेर मऊ झाली तर खाचेची कड ढासळते.

गायकाच्या दृष्टीने मोठी अडचण अशी की मेणावरील मुद्रण लगेच वाजवून पाहिले तर खाच बिघडते आणि ती प्रत वाया जाते. त्यामुळे आपले गाणे कसे उतरले हे त्याला बहुतेक वेळा तबकडी विक्रीला आल्यावरच कळे. मधे शब्द चुकला, खोकला आला, वेळ संपली, तर नवे मेण लावून पहिल्यापासून गायचे. तुकडे जोडण्याची सोय नव्हती. चांगले प्रयत्न पेटीत भरून न्यू जर्सीतील कॅमडेनच्या कारखान्यात पाठवत. तेथे मेणावर धातूचा थर चढवून उलटा साचा, त्यावरून सुलटी प्रत आणि तिच्यावरून छापण्याचे साचे काढत. विक्रीची तबकडी लाखेच्या मिश्रणाची असे आणि त्या काळी जगाला लाख मुख्यतः भारतच पुरवत असे.

मुद्रणक्रमांकातील ‘बीव्हीई’ या अक्षरांपैकी ‘बी’ म्हणजे दहा इंची आणि ‘व्हीई’ म्हणजे व्हिक्टरची विद्युत पद्धती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटे, फार तर वीसेक सेकंद अधिक मावत. हे माप मराठी रसिकांना परके नाही. रागविस्तार किंवा नाट्यपद तीन मिनिटांत बसवण्याची कसरत आपल्याकडील गायकांनाही मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर करावी लागली.

हक्क आणि नव्या गाण्यांची भूक

पीअरने व्हिक्टरकडून पगार न घेता गाण्यांचे प्रकाशनहक्क स्वतःकडे ठेवण्याची व्यवस्था केली होती. १९०९ च्या अमेरिकी कायद्यानुसार हक्क नोंदवलेल्या गाण्यामागे दर बाजूला दोन सेंट द्यावे लागत. जुन्या लोकगीताला मालक नसल्याने ते कितीही खपले तरी हक्काचे पैसे शून्य. म्हणून पीअरला नवीन, किंवा निदान नवीन म्हणून नोंदवता येईल इतके बदललेले गाणे हवे असे. या एका अटीने कंट्री संगीताची दिशा वळली. लोकांकडून आलेले गाणे गाणारा कलाकार मागे पडला आणि स्वतःच्या गाण्यांचा धनी असलेला गायक पुढे आला.

रॉजर्सला स्वरलेखन येत नव्हते आणि प्रत्येक मुद्रणसत्रासाठी चार-सहा नवी गाणी लागत. ही निकड त्याची मेहुणी एल्सी मॅकविल्यम्स हिने भागवली. ती शिकलेली संगीतकार होती. गाणी रचून, स्वरलिपीत उतरवून ती रॉजर्सला शिकवी. अनेक गाण्यांवर तिचे नाव नाही, हा तिच्यावरचा अन्याय आहे.

ब्लू योडेल

३० नोव्हेंबर १९२७ रोजी कॅमडेन येथे, व्हिक्टरने स्टुडिओ म्हणून घेतलेल्या जुन्या चर्चमध्ये चार गाणी मुद्रित झाली. त्यांतील ‘टी फॉर टेक्सस’ हे ‘ब्लू योडेल’ या नावाने १९२८ च्या सुरुवातीस निघाले आणि रॉजर्स देशभर पोचला. पुढे याच साच्याची क्रमांकित मालिका झाली.

साचा साधा आहे. चार मात्रांचा एक खंड असे बारा खंड; पहिली ओळ दोनदा, मग उत्तर देणारी तिसरी ओळ. कडव्याच्या शेवटी योडेल येतो, म्हणजे छातीच्या आवाजातून एकदम वरच्या पोकळ आवाजात उडी आणि परत खाली. ही उडी मींडेसारखी सरकत घेतली तर योडेल राहत नाही; दोन आवाजांमधील तडा ऐकू यायला हवा. कृष्णवर्णीयांच्या ब्लूजचा ढाचा आणि रंगमंचावरून रुळलेला योडेल ही जोडणी रॉजर्सच्या आधीही काहींनी केली होती. ती लोकांच्या कानात बसवली त्याने. कडवी एकमेकांपासून सुटी असल्याने वेळ कमी पडली तर एखादे गाळता येई. तीन मिनिटांच्या तबकडीला याहून सोयीची रचना सापडणे कठीण. गिटारवर अंगठ्याने खर्जाचा स्वर, मग तारांवर हलका फटकारा आणि ओळींच्या मधल्या जागेत खर्जाच्या तारांवरून चढती-उतरती धाव, इतकीच त्याची साथ असे.

साथीदारांची कसोटी

रॉजर्स एकटा वाजवण्यात मुरलेला होता. श्वास हवा असला की तो खंडात दोन मात्रा वाढवी, घाई झाली की एखादी गाळी. एकट्याच्या गिटारवर हे खटकत नाही. पण मोजून वाजवणाऱ्यांची साथ असली की स्वरसंघ (कॉर्ड) बदलायची जागा चुकते. ज्या साथीदारांनी आकडे सोडून त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवले त्यांचीच मुद्रणे चांगली उतरली.

ऑक्टोबर १९२८ मध्ये अटलांटा येथे कॉर्नेट, क्लॅरिनेट व स्टील गिटारच्या साथीने मुद्रित केलेले ‘वेटिंग फॉर अ ट्रेन’ हा त्याचा चांगला नमुना. त्याच्या आरंभीची आगगाडीची शिटी रॉजर्सने तोंडाने वाजवली आहे. १६ जुलै १९३० रोजी लॉस एंजेलिसमधील ‘ब्लू योडेल क्र. ९’ मात्र या सगळ्यांत वरचढ. ट्रम्पेटवर जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग, पियानोवर लिल हार्डिन आर्मस्ट्राँग. रॉजर्स मात्रा वाढवतो, गाळतो आणि हे दोघे न अडखळता त्याच्यामागे जातात. आर्मस्ट्राँगचे नाव तबकडीवर छापले गेले नाही. तो तेव्हा ‘ओके’ या दुसऱ्या तबकडी कंपनीचा कलाकार होता. गोऱ्या आणि काळ्या कलाकारांच्या तबकड्या वेगळ्या याद्यांत विकण्याच्या त्या दिवसांत ही तीन मिनिटे फार मोलाची आहेत.

मंदी आणि आजार

१९२९ मध्ये आरसीए या रेडिओ कंपनीने व्हिक्टर विकत घेतली आणि त्याच वर्षी मंदीने गाठले. पाऊण डॉलरची तबकडी लोकांना परवडेना. अमेरिकेतील तबकड्यांचा वार्षिक खप १९२७ मधील सुमारे १० कोटींवरून १९३२ मध्ये ६० लाखांच्या आसपास घसरला. रॉजर्सचाही खप कोसळला, तरी कंपनीने त्याला सोडले नाही. जानेवारी १९३१ मध्ये सॅन अँटोनिओ येथे त्याने ‘टी. बी. ब्लूज’ मुद्रित केले. स्वतःच्या क्षयाविषयी त्या काळी इतके उघड सहसा कोणी गात नसे. जून १९३१ मध्ये लुईव्हिल येथे कार्टर कुटुंबासह केलेली, गाण्यांत संवाद मिसळलेली मुद्रणे अधिक कुतूहलाची म्हणून ऐकावीत. संवादांची गंमत आज उतरून गेली आहे.

मे १९३३ मध्ये तो न्यूयॉर्कला आला तेव्हा सलग उभे राहून गाण्याची ताकद उरली नव्हती. १७, १८, २० आणि २४ मे अशा चार दिवसांत बारा गाणी झाली. दोन गाण्यांमध्ये टेकण्यासाठी स्टुडिओत खाट ठेवली होती. २४ तारखेला इतर गाण्यांना दोन गिटारवादकांची साथ होती. शेवटचे ‘इयर्स अगो’ त्याने एकट्याने म्हटले. २६ मे रोजी टॅफ्ट हॉटेलात त्याचा मृत्यू झाला.

प्रभाव

पुढच्या कंट्री गायकांपैकी जीन ऑट्रीने सुरुवात रॉजर्सच्या हुबेहूब नकलेने केली. अर्नेस्ट टब व हँक स्नो त्यालाच गुरू मानत. बिल मन्रोने १९४० मध्ये रॉजर्सचे ‘म्यूल स्किनर ब्लूज’ दुप्पट आवेशाने गायिले. १९६१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या पहिल्या तीन मानकऱ्यांत रॉजर्स होता. केनियातील किप्सिगिस लोकांपर्यंत त्याच्या तबकड्या पोचल्या आणि ‘चेमिरोचा’ (‘जिमी रॉजर्स’चा तिकडचा उच्चार) नावाने त्याच्यावर गाणी झाली. आफ्रिकी संगीताचा संग्राहक ह्यू ट्रेसी याने ती १९५० मध्ये मुद्रित केली.

तबकड्या ऐकताना

मूळ तबकडी हाती आली तर एलपीची (नंतरच्या, सावकाश फिरणाऱ्या तबकडीची) बारीक सुई वापरू नये. ती खाचेच्या तळाशी उतरून खरखर वाढवते. ७८ फेऱ्यांसाठी सुमारे तीन हजारांश इंचाचे टोक लागते. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी, नाहीतर ती खाच कायमची झिजवते. आवाज अनैसर्गिक उंच वाटला तर गती तपासावी; गिटारचा खर्ज ओळखीच्या पट्टीशी जुळवून पाहिला की फरक कळतो. बेअर फॅमिली या जर्मन कंपनीने १९९२ मध्ये सहा सीडींचा संच काढला आहे. कालक्रमाने ऐकायचे असेल तर तोच घ्यावा. काही गाण्यांचे एकाहून अधिक प्रयत्न उपलब्ध असून ते शेजारी ठेवून ऐकल्यास रॉजर्स प्रत्येक वेळी मात्रा वेगळ्या जागी वाढवतो, हे स्पष्ट होते.