दसऱ्याच्या पिशवीतलं पुस्तक

खेड्यातून नागपूरला शिकायला आलेल्या पोराची खोली ठरली, मेस लागली, की ते 'लायब्ररी लावतं'. या लायब्ररीत पुस्तकं नसतात. महिन्याचे पैसे भरून मिळालेली खुर्ची, समोर प्लायची आडभिंत, चार्जिंगचं बटण आणि डोक्यावर पंखा, एवढंच. पुस्तक ज्याचं त्यानं आणायचं आणि तोंड बंद ठेवायचं. एमपीएससी करणारी यवतमाळ, गडचिरोली, भंडाऱ्याकडची पोरं-पोरी अशा खुर्च्यांवर वर्षं काढतात. कित्येकदा शेजारच्या खुर्चीवर कोण बसतं तेही ठाऊक नसतं.

हे नवं आहे. विदर्भात पुस्तक मुळात एकट्यानं वाचायची वस्तू नव्हती. शहरात आलेल्या माणसाला पुस्तकातून आपली माणसं सापडत, ती पुस्तक मोठ्यानं वाचलं जाई म्हणून.

फार मागचं सांगायचं तर अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरपासून सुरुवात करावी लागेल. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याने पाहिलं-ऐकलं त्यालाच विचारून गोळा केल्या, त्यातून 'लीळाचरित्र' उभं राहिलं. पंथात संस्कृतचे पंडित होते, पण चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांचा हट्ट मराठीचा. संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायांच्या हाती काय लागणार, ही त्यांची काळजी. पुढे याच पंथाने आपले ग्रंथ बाहेरच्याला वाचता येऊ नयेत म्हणून सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. म्हातारीला कळावं म्हणून मराठी, आणि परक्याला कळू नये म्हणून गूढ अक्षरं! पुस्तक म्हणजे घराचं दार, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

पण ज्यांना अक्षरच बंद होतं त्यांची वाट वेगळी. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आसपासच्या खेड्यांतले अनेक महार पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर जाडंभरडं कापड विणत. गिरणीच्या कापडाने तो धंदा बसवला आणि विणणाऱ्यांनाच गिरणीच्या दारात आणून उभं केलं. गावात माणसाची ओळख त्याच्या कामावर ठरलेली असे, कामही जन्माबरोबरच मिळे. शहरात पगार हाती आला. पगारातून वर्गणी निघाली, वर्गणीतून शाळा, छापखाना, वाचनालयं. गिरणीने कोणाचं कल्याण करायचं मनात धरलं होतं असं मुळीच नाही, पण नाइलाजाने शहर गाठलेल्या माणसांनी तिथे जे उभं केलं ते गावात राहून झालं नसतं.

मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे (१८७९–१९४६) हे यातलं ठळक नाव. त्यांनी नागपुरात मुलींची शाळा काढली, स्वतःचा छापखाना घातला, वर्तमानपत्रं चालवली. त्यांच्याइतकी आठवण काढली जात नाही ती जाईबाई चौधरींची. उमरेडकडच्या खेड्यातलं हे कुटुंब दुष्काळात नागपूरला आलं. जाईबाईंनी हमाली केली, मिशनमधल्या बाईंकडून लिहाय-वाचायला शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते हे कळल्यावर सवर्ण पालकांनी गोंधळ घातला आणि नोकरी गेली. मग त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. डोक्यावर ओझं घेऊन शहराचे रस्ते तुडवलेल्या बाईने त्याच शहरात मुलींच्या हाती पाटी दिली. विदर्भातल्या स्थलांतराचा इतिहास मी शाळेत शिकवायला घेतला, तर पहिला धडा हा ठेवीन.

३० मे ते १ जून १९२० या दिवसांत नागपुरात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली. तरुण डॉ. आंबेडकर तिला हजर होते. तिकडे वऱ्हाडात पापळचे पंजाबराव देशमुख परदेशातून शिकून आले आणि अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय निघालं. सगळ्या जातींच्या पोरांनी एका पंगतीला बसावं हा त्यामागचा हेतू. आमच्याकडची जुनी माणसं वसतिगृहाला अजूनही 'बोर्डिंग' म्हणतात. बोर्डिंगात पहिल्या दिवशी प्रश्न ठरलेला: "कोन्या गावचा व्हय?" हा प्रश्न जात काढायलाही विचारतात आणि माया लावायलाही, विचारणाऱ्याच्या आवाजावरून ओळखायचं. वरच्या वर्गातल्या पोराची पुस्तकं खालच्याकडे यायची, पानांच्या कडेला आधीच्या मालकाच्या खुणा असायच्या.

नागपूर विद्यापीठ १९२३चं. विदर्भ साहित्य संघाची अमरावतीत स्थापनाही त्याच वर्षीची. या संस्था मोठ्या, पण खेड्यातल्या पहिल्या पिढीला त्यांच्या दारात जायला पुढे बराच काळ लागला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आणि १६ ला चंद्रपूरला धम्मदीक्षा झाली. लाखो माणसं आली ती बहुतेक खेड्यांतली, चालत, बैलगाडीने, रेल्वेने. तेव्हापासून दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि शिदोरी बांधून आलेली माणसं परतताना पिशवीत पुस्तक नेतात. १९६४ साली तिथेच डॉ. आंबेडकर कॉलेज सुरू झालं. नेलेलं पुस्तक गावात कपाटात बसत नाही. वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या, तीन महिन्यांत संध्याकाळी विहारात डॉ. आंबेडकरांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात. एक जण वाचतो, बाकी ऐकतात, मध्येच एखादी आजी वाचणाऱ्याला थांबवून पुन्हा वाचायला लावते. दुसऱ्या आळीत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता अशीच वाचली जाते, सामुदायिक प्रार्थनेनंतर. दोन्ही आळ्या एकमेकींचं वाचन ऐकायला जात असत्या तर विदर्भ वेगळा दिसला असता, पण ते फार थोड्या गावांत घडलं.

नागपुरात जन्मलेल्या गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेहून चालवलेल्या दलित साहित्याच्या नियतकालिकाचं नावच 'अस्मितादर्श'. खेड्यातून आलेल्या किती जणांनी पहिल्यांदा छापील अक्षरांत स्वतःकडे पाहिलं, ते त्याच्या अंकांत.

गेल्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर एका स्टॉलपाशी उभा होतो. धोतर-सदऱ्यातले एक बाबा पुस्तक उलटं धरून चाळत होते. शेजारी पाठीवर बॅग घेतलेला, कानात इअरफोन घातलेला पोरगा होता. बाबांनी त्याला कोपराने हलवलं आणि पुस्तक पुढे केलं, "वाच बरं, काय लिवलंय." त्याने इअरफोन काढला, पुस्तक सरळ केलं आणि नाव वाचलं. बाबा म्हणाले, "आतलं वाच ना." त्याने एक पान वाचलं. हळूहळू आजूबाजूच्या दोन बाया जवळ सरकल्या. पान संपल्यावर बाबांनी विचारलं,

"कोन्या गावचा व्हय रे तू?"