साडेबारा घरं आणि एक काढा

आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड पडला: 'ब्लड कॅन्सरची अँटिबॉडी इंजेक्शनं हृदय बंद पाडतात, म्हणून तर सारखा ईसीजी काढतात!' वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या भाच्याला असंच औषध, इनोटुझुमॅब, चालू आहे. रात्री साडेदहाला काकू मोबाईल घेऊन दारात. मी आयुष्यभर फार्मसी शिकवली, त्यामुळे सुटका नव्हती.

ईसीजी काढतात हे खरं. पण त्यात संशय खरा कोणावर असतो, ते बघण्यासारखं आहे.

ठोका पडून गेला की हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. ही तयारी किती वेळ चालली, ते ईसीजीवर क्यूटी या अंतरात दिसतं. पोटॅशियमच्या एका मुख्य वाटेचं नाव हर्ग. हे नाव माशांवरून आलंय: या कुळातल्या पहिल्या जनुकात बिघाड असलेल्या फळमाश्या ईथर दिलं की पाय झटकत नाचायच्या! या वाटेला आतल्या बाजूने एक ऐसपैस पोकळी आहे. लहान रेणूंची औषधं पेशीत शिरतात आणि आतून त्या पोकळीत अडकतात. पोटॅशियम तुंबतं, क्यूटी लांबतो, आणि पेशी पुरती तयार नसतानाच नवा ठोका उठला तर लय पिळवटते, कधी जीवही जातो. टर्फेनाडिन नावाची सर्दी-ॲलर्जीची गोळी 1998 मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेली ती याच भानगडीपायी.

आता अँटिबॉडी बघा, म्हणजे नेमक्या पेशीला जाऊन चिकटणारं भलंमोठं प्रथिन. वजन साधारण 1,50,000 डाल्टन (रेणू तोलायचं माप). उलटी थांबवणारं ऑन्डॅनसेट्रॉन 293. अँटिबॉडीला हर्गमध्ये घालणं म्हणजे भद्रकालीच्या बोळात कंटेनर घालणं. शिवाय तो बोळ आतून उघडतो, आणि ही बया पेशीच्या बाहेरच.

मग क्यूटी का मोजायचा? कारण इनोटुझुमॅब नुसती अँटिबॉडी नाही. तिच्या पाठीवर कॅलिकियामायसिन नावाचं डीएनए तोडणारं विष बांधलेलं असतं, आणि या औषधाने क्यूटी लांबल्याची नोंद आहे. (यकृताची काळजी त्याहून मोठी, पण तो वेगळा विषय.) शिवाय सोबतची मंडळी: ऑन्डॅनसेट्रॉन, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल, तापासाठी लिव्होफ्लॉक्सासिन. तिघंही क्यूटी ताणणारी. त्यात उलट्या-जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं, त्यानेही क्यूटी लांबतो. म्हणून औषधाआधी आणि मध्ये मध्ये ईसीजी, आणि त्याबरोबर रक्तातले क्षार.

पण खरी गंमत मोजण्यात आहे. ठोके वाढले की क्यूटी आपोआप आखडतो, म्हणून तो मिनिटाला 60 ठोक्यांच्या हिशेबात आणावा लागतो. सूत्रं दोन, दोन्ही 1920 ची. बॅझेट ठोक्यांमधल्या अंतराच्या वर्गमुळाने भागतो, फ्रिडेरिशिया घनमुळाने. ईसीजीच्या कागदावर एक बारीक घर म्हणजे 40 मिलिसेकंद. समजा रुग्णाला ताप आहे, क्यूटी 9 घरं, म्हणजे 360. दोन ठोक्यांत साडेबारा घरं, म्हणजे अर्धा सेकंद, मिनिटाला 120. आता भागा. बॅझेट म्हणतो 509. फ्रिडेरिशिया म्हणतो 454. धोक्याची रेघ 500 ची. पट्टी तीच, रुग्ण तोच; एका उत्तरावर औषध थांबेल, दुसऱ्यावर चालू राहील. बरीच यंत्रं बॅझेटचंच उत्तर छापतात, आणि वेगाने धावणाऱ्या हृदयात बॅझेट आकडा फुगवतो. म्हणून जाणते डॉक्टर छापील आकड्यावर न थांबता पट्टीवर स्वतः मोजतात.

वर्गमूळ आलं तेव्हाच काकूंची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली होती. मी आवरतं घेतलं आणि विचारलं, "घरचं काय काय देताय त्याला?"

"काही नाही हो, सगळं आयुर्वेदिक. घशासाठी ज्येष्ठमधाचा काढा, दोन वेळा. त्याचा काही अपाय नसतो ना!"

ज्येष्ठमध भरपूर आणि रोज पोटात गेलं तर शरीरातलं पोटॅशियम लघवीवाटे जातं. काकूंना तिथेच बसवून डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहायला घेतली: काढा, किती, कधीपासून.