चार फूट खोल पुरलेला थर्मामीटर

"दात येताहेत ना, मग जुलाब होणारच!" भाचीच्या बाळाला बघायला आलेल्या काकूंनी परवा निदान करून टाकलं. हसू नका. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मृत्यूच्या सरकारी नोंदींतही 'दात येणे' हे कारण लिहिलं जायचं. बाळाला वरचं अन्न सुरू होतं ते त्याच सुमारास, आणि दिसेल ते तोंडात घालायचं वयही तेच. आळ मात्र दातांवर!

तिथे तान्ह्या मुलांच्या मृत्यूंचा हंगाम म्हणजे उन्हाळ्याची अखेर. 1899 साली इंग्लंड-वेल्समध्ये हजारात 163 बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच गेली. प्रत्येक 'अर्बन डिस्ट्रिक्ट'चा, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेचा, आरोग्य अधिकारी हे आकडे दरवर्षी अहवालात मांडी.

त्याआधीच, 1880च्या दशकात, एडवर्ड बॅलार्ड या डॉक्टरांना एक विलक्षण गोष्ट दिसली होती. जमिनीत चार फूट खोल पुरलेला थर्मामीटर 56 अंश फॅरनहाइटला (सुमारे 13 सेल्सिअस) पोचला, की जुलाबाचे मृत्यू उसळायचे. हवेच्या तापमानाशी मात्र इतका मेळ बसत नव्हता. त्यांनी संशय घेतला मातीतल्या जंतूंवर.

माती निर्दोष होती. उष्णता जमिनीत फार सावकाश झिरपते. दिवस-रात्रीचा चढउतार वीतभर खोलीवरच विरत जातो. चार फुटांवर पोचते ती फक्त ऋतूची संथ लाट, तीही साधारण महिनाभर उशिरा. म्हणजे तो थर्मामीटर आजचं ऊन मोजतच नव्हता, गेल्या कित्येक आठवड्यांच्या उन्हाची बेरीज दाखवत होता. आता घरमाशी बघा. घोड्याच्या लिदीत अंडी, अळी, कोष, मग माशी. उबदार हवेत हे चक्र दहाएक दिवसांचं, थंडीत कितीतरी लांबतं. दोन-तीन पिढ्या उलटल्या की माश्यांचे थवे. त्यांनाही ऊन साठवावं लागतं! दोन घड्याळं एकाच गतीने मागे पडत होती, एवढंच. मँचेस्टरचे आरोग्य अधिकारी जेम्स निवेन यांनी तर माश्या पकडून, मोजून त्यांचा आलेख मृत्यूंशेजारी ठेवला.

उघड्या संडासावरची माशी दुधावर, आणि ते दूध लांब रबरी नळीच्या बाटलीत. ती नळी आतून कधीच स्वच्छ होत नसे. अंगावर पिणारी बाळं त्यामानाने पुष्कळच वाचत.

1910 साली बालमृत्यूंचा हा दर हजारी 105 होता. 1911च्या कडक उन्हाळ्यात 130 झाला, 1912च्या गार, पावसाळी वर्षात 95. तेव्हा ना अँटिबायोटिक होतं, ना जंतू मारणारी सल्फा औषधं, त्यामुळे 'आधुनिक औषधांचा चमत्कार' वगैरे म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. फ्लशचे संडास, दुधाची पावडर, घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका, घोड्यांच्या जागी आलेल्या मोटारी: या घटीत कुणाचा वाटा किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. माझं मत लिदीला.