बॅटरीचा तुटवडा की वाटेतली घट? जुन्या गाडीतले कमी व्होल्टेज

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या हेडलाइटपाशी मीटर लावला आणि त्याने बारा-साडेबाराच्या जागी १०.६ व्होल्ट दाखवले, की बहुतेकांचा हात आधी बॅटरीकडे जातो. हा आकडा दोन अगदी निराळ्या दोषांतून येऊ शकतो. एक तर बॅटरीत मुळातच वीज उरलेली नसते, म्हणजे चार्जिंग होत नसते किंवा बॅटरी थकलेली असते. नाहीतर बॅटरी ठणठणीत असते आणि गंजलेला जोड, सैल थिंबल (तारेच्या टोकाचे धातूचे कडे) किंवा खराब अर्थिंग (गाडीच्या बॉडीमार्फत बॅटरीकडे परतणारी जोडणी) वाटेतच व्होल्टेज खाऊन टाकते. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी रिकामी असणे आणि टाकी भरलेली असूनही गंजलेल्या पाइपामुळे नळाला बारीक धार येणे, यांत जो फरक आहे तोच इथेही आहे.

टाकीची उपमा आणखी एका बाबतीत उपयोगी पडते. नळ बंद असताना गंजलेल्या पाइपातही टाकीचा पूर्ण दाब असतो. त्याचप्रमाणे तारेतून प्रवाह वाहत नसेल तर घट दिसतच नाही. मल्टिमीटर स्वतः नगण्य प्रवाह ओढतो, त्यामुळे तारेचा एकच धागा शाबूत असला तरी दिवा न लावता तो निर्धास्तपणे १२.६ दाखवतो. साठ-साठ वॅटचे दोन दिवे लावले की सुमारे १० अँपिअर प्रवाह वाहतो आणि जोडातला जेमतेम ०.१ ओहमचा रोध तिथल्या तिथे एक व्होल्ट गिळतो. म्हणून मोजमाप दिवे लावून, किंवा सेल्फ मारत असतानाच करावे.

तुटवडा ओळखणे त्या मानाने सोपे आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरची टोके बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर (क्लॅम्पवर नव्हे) टेकवावीत. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली असते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. नंतर इंजिन जरा जोरात फिरवून तिथेच १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. ते न मिळाल्यास पट्टा, डायनॅमोचे (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) कार्बन आणि कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा स्विच) या क्रमाने पाहावे. इथे एक खुलासा आवश्यक आहे: डायनॅमो मंद फेऱ्यांवर चार्ज करतच नाही, त्यामुळे घोडबंदर रोडच्या कोंडीत तासभर रांगत आलेल्या गाडीचा डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर त्यात डायनॅमोचा काही दोष नसतो. तेवढ्यावरून डायनॅमो उघडायला देणे हा निव्वळ खर्च आहे.

घटीचा शोध मात्र मला स्वतःला महागात पडला. कोलशेतला खाडीच्या वाऱ्यात उभ्या असणाऱ्या माझ्या पद्मिनीचे दिवे पावसाळ्यानंतर नारिंगी दिसू लागले, गॅरेजमध्ये ‘बॅटरी गेली’ असे निदान झाले आणि मी जुनी एक्स्चेंजमध्ये देऊन नवी आणली. पंधरा दिवसांतच दिवे पुन्हा नारिंगी झाले. तेव्हा कुठे मी दिवे लावून, इंजिन बंद ठेवून, आधी खुंट्यांवर मोजले: १२.२. बल्बच्या टोकांवर १०.६ होते, म्हणजे १.६ व्होल्ट वाटेत हरवत होते. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर आणि दुसरे बल्बच्या धन टोकावर ठेवले, तर ०.४ मिळाले, ऋण खुंटी आणि बल्बचे अर्थिंग यांच्यामध्ये तब्बल १.२. जाड अर्थिंगवर ०.२ च्या वर काही दिसू नये.

दोष बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या बोल्टखाली होता. पाना लावला तेव्हा बोल्ट घट्टच वाटला. पण काढल्यावर थिंबलच्या खाली हिरवट-पांढरा थर आणि त्याखाली रंगाचा थर निघाला. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत करून, वर ग्रीस लावून बोल्ट आवळल्यावर ऋण बाजूची घट ०.१ वर आली आणि बल्बला ११.७ मिळू लागले. उरलेले ०.४ स्विच आणि फ्यूजच्या जुन्या पितळी पट्ट्यांचे होते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी पट्टी खराब असेल तर सेल्फचा मोठा प्रवाह चोकच्या तारेतून परतीची वाट धरतो. सेल्फ मारल्यावर ती तार हाताला गरम लागली, तर आधी ही पट्टी तपासावी.

खरी फसगत होते ती दोन्ही दोष एकमेकांत गुंतलेले असतात तेव्हा. डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामधला जोड गंजला, तर रेग्युलेटर (डायनॅमोचे व्होल्टेज आवरणारा भाग) डायनॅमोच्या बाजूचे १४.४ पाहून समाधानी राहतो, बॅटरीपर्यंत मात्र जेमतेम १३ पोहोचतात आणि ती दिवसेंदिवस उपाशी राहते. खुंट्यांवरचे मोजमाप मग तुटवडा दाखवते, तरी त्याचे मूळ घटीतच असते. अशा वेळी दिवे लावून, इंजिन वेगात ठेवून, डायनॅमोचे धन टोक आणि बॅटरीची धन खुंटी यांच्यामध्ये मीटर लावावा. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला, तर नव्या बॅटरीचे पैसे खिशातच ठेवून आधी कटआउटच्या पेटीतले स्क्रू उघडावेत.