पाकिटाएवढा फोटो आणि चेहरे विकायचा धंदा

१८३९ मध्ये दागेरोटाइप ही फोटो काढायची सुरुवातीची पद्धत आली तेव्हा फोटो म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, एकच पीस, कॉपी निघायची नाही, म्हणजे स्टुडिओवाल्याला गिऱ्हाईक पुन्हा खुर्चीत बसेपर्यंत दुसरी कमाई नाही. १८५१ नंतर काचेची निगेटिव्ह आली, अंड्याचा पांढरा बलक लावलेला कागद त्याच्या थोडा आधीच आला होता, आणि मग एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघायला लागल्या.

खरा धंदा ओळखला तो पॅरिसच्या दिस्देरीने. १८५४ मध्ये त्याने पेटंट घेतलं, एकाच काचेवर छोटे छोटे आठेक फोटो, कापून व्हिजिटिंग कार्डाच्या मापाच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि डझनाने विकायचे! भाव एकदम खाली आला आणि दुकानदार, कारकून असे लोकपण फोटो काढायला यायला लागले. स्टुडिओत खांब, पडदा, जाड पुस्तक सगळं तयार असायचं, त्यामुळे फोटोत जो तो जमीनदार दिसतो. नीट बघितलंत तर बुटांच्या मागे लोखंडी स्टँडचा पाय दिसतो, मान हलू नये म्हणून लावलेला असायचा तो :) दिस्देरीने बक्कळ कमावलं, उडवलंही तेवढंच, १८८९ ला गेला तेव्हा कफल्लक होता.

पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते १८६० चं लंडन. मेयॉल नावाच्या फोटोग्राफरने राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या कुटुंबाचे फोटो याच मापात विकायला काढले आणि लोक तुटून पडले. पुढच्या वर्षी डिसेंबरात राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट वारला तर आठवडाभरात त्याच्या फोटोच्या ७० हजार प्रती खपल्या असं सांगतात. माप सगळीकडे सारखंच, त्यामुळे खाचावाले अल्बम निघाले आणि एका पानावर राणी तर पुढच्या पानावर आपली मावशी. नट्या, सेनापती, पाद्री, सगळे दुकानाच्या काचेत टांगलेले, आणि पैसे बहुतेक वेळा फोटोवाल्याच्या गल्ल्यात.

मुंबईही फार मागे नव्हती, फोटोग्राफिक सोसायटी इथे १८५४ लाच निघाली, भाऊ दाजींचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्यात होते.

अमेरिकेत मात्र सोजर्नर ट्रुथने, जी स्वतः गुलामगिरीतून सुटलेली, फोटोवाल्यानेच कमवायचा हा खेळच उलटा केला. गुलामगिरीविरुद्धच्या भाषणांच्या ठिकाणी ती आपलीच कार्डं विकायची, खाली छापलेलं असायचं की देह पोसायला मी सावली (म्हणजे फोटो) विकते, आणि १८६४ मध्ये कॉपीराइटसुद्धा तिने स्टुडिओच्या नाही, स्वतःच्या नावावर घेतला.